चौदा नंबरचा गाणारा

माझी लेक अस्मिता डेल्फ्ट या डच गावातल्या विद्यापीठात पक्ष्यांचे आवाज मोजते. पक्षी इथले नाहीत. ते दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोर नावाच्या देशात, उंच डोंगरातल्या एका घळीत राहतात. घळीतल्या आणि तिच्या वरच्या डोंगरातल्या झाडांना वीस डब्या बांधून ठेवल्या आहेत. मुठीएवढी हिरवी डबी, पावसात भिजली तरी चालते. ती दिवसभर ऐकते आणि ऐकलेलं साठवते. महिन्यातून एकदा रोसारियो नावाची बाई डोंगर चढून जाते, साठा काढते आणि इकडे पाठवते. मग इथे, चौथ्या मजल्यावर, खिडक्या लावून घेऊन ही मंडळी जंगल ऐकत बसतात.

मी तीन महिन्यांसाठी आलो होतो. पहिला आठवडा कालव्यातली बदकं बघण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात बदकांनाच माझा कंटाळा आला असावा. अस्मिता म्हणाली, "बा, चल माझ्यासंगं ऑफिसात. बसून ऐकशील तरी."

पक्षी चिमणीएवढा. अंग राखाडी, डोक्यावर विटेच्या रंगाची टोपी. त्याचं शास्त्रातलं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला तांबडटोप्या म्हणू लागलो. अस्मिताच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पुण्याच्या जयेशनेही तेच नाव उचललं. ती घळ आणि तिच्या वरचा डोंगर सोडला तर हा पक्षी आता कुठे सापडत नाही, असं ते म्हणाले. घळीच्या वरचा डोंगर तिथल्या एका मालकाचा. त्याला झाडं तोडून गुरांसाठी कुरण करायचंय. हेगमधली एक संस्था घळ आणि डोंगर दोन्ही विकत घेऊन आहे तसं ठेवायला तयार होती. अट एकच. गाणारे नर किमान दहा आहेत, हे दाखवा. त्याहून कमी असले तर ही जात काही तिथे टिकत नाही, आणि मग संस्था दुसऱ्या एखाद्या जंगलाकडे वळणार.

अस्मिताच्या मोजणीत अकरा आले होते. कागद पुढच्या शुक्रवारी द्यायचा होता.

"म्हणजे काठावरच की," मी म्हणालो.

"काठावर पास म्हणजे पासच, काका," जयेश म्हणाला. "आमची अर्धी इंजिनिअरिंग तशीच झालीय."

ऐकलेल्या आवाजाचं पडद्यावर चित्र उमटतं. आडवा चालतो तो वेळ, आणि आवाज जितका बारीक तितकी रेघ वर. मी अक्षरं शिकलो पन्नाशीत, अस्मिता चौथीत असताना, तिच्याच पाटीवर. तेव्हापासून कुठली नवी लिपी दिसली की माझे हात शिवशिवतात. तीन दिवसांत मला तांबडटोप्याचं अक्षर वाचता येऊ लागलं. आधी तीन ठिपके, मग एक लांब उतरती रेघ, शेवटी आकडीसारखं वळण.

सगळ्यांचा लाडका होता चौदा नंबरच्या डबीजवळ गाणारा. त्याचा आवाज खणखणीत. एकामागून एक ताना, दम लागणं नाही की अडखळणं नाही. तांबडटोप्या कसा ओळखायचा हे संगणकाला शिकवलं तेही याच्या गाण्यावरून. जयेशच्या फोनची रिंगसुद्धा हाच.

मला तो आवडला नाही. काय खुपतंय ते सांगता येईना. मी अस्मिताला दुसऱ्या डब्यांतलं गाणं लावायला सांगितलं, मग परत चौदा. बाकीचे उजाडायच्या आधीच चाचपडत सुरू करत. एक ठिपका, गप्प. दोन ठिपके, अर्धी रेघ, गप्प. कुठे जवळून, कुठे लांबून. चौदा नंबरवाला मात्र सकाळी सातच्या पुढे एकदम पुरं गाणं म्हणे, आणि तेही कायम एकाच जागेवरून.

"हा पहाटे का गात नाही?" मी विचारलं.

"शिस्तीचा आहे," जयेश म्हणाला. "मूळचा डच असणार. अपॉइंटमेंट घेऊन गातो."

अस्मिता हसली, पण तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "का रे बा?"

"कळत नाही," मी म्हणालो. आणि खरंच कळत नव्हतं.

रविवारी जयेशने आम्हाला जेवायला बोलावलं. तो कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात राहतो. तो आणि अस्मिता कांदा चिरता चिरता ऑफिसच्याच गप्पा मारायला लागले, म्हणून मी पाय मोकळे करायला निघालो. इमारतींच्या मागे, बंधाऱ्याच्या उताराला हिरवळ आहे. तिथे पंचवीस-तीस माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात पिंजरा. पिंजऱ्यावर कापड.

मी जागीच थांबलो. इतके पिंजरे मी आयुष्यात एका ठिकाणी पाहिले नव्हते.

एक म्हातारा सायकलवरून उतरत होता. डोक्याला लोकरी टोपी, हँडलला फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेला पिंजरा. माझ्याकडे बघून त्याने हिंदीत विचारलं, "कहाँ से?"

त्याचं नाव हरिहर. जन्म सुरिनामचा. त्याचे पूर्वज बिहारमधून तिकडे ऊस तोडायला गेले आणि हा तिकडून इकडे ट्राम चालवायला आला. त्याची हिंदी माझ्या हिंदीसारखीच वाकडी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्याने मला सगळं समजावलं. दोन खांबांवर दोन पिंजरे हातभर अंतराने टांगायचे. दोन्ही नर एकमेकांना बघून गातात. फळ्याजवळचा माणूस प्रत्येक गाण्याला खडूची एक रेघ ओढतो. वेळ संपली की रेघा मोजायच्या.

मी काही विचारायच्या आत त्याने पक्ष्याच्या पायातली कडी दाखवली. "पिंजरे में ही पैदा हुआ. काग़ज़ है इसका. जंगल वाला यहाँ कोई नहीं लाता, सब देखते हैं."

मग त्याची पाळी आली. पिंजरा खांबावर चढला. त्याने कापड ओढलं. आणि आतल्या काळ्या पक्ष्याने, पंख न झटकता, इकडेतिकडे न बघता, पहिल्याच श्वासाला अख्खं गाणं फेकलं.

"एकदम?" मी विचारलं.

"तो क्या! कपड़ा है तब तक उसकी रात है. कपड़ा गया कि सवेरा, और सामने दुश्मन खड़ा. वो काहे को सोचेगा?"

मी ओल्या गवतावर खाली बसलो. हरिहरला वाटलं मला चक्कर आली. त्याने थर्मासातला चहा पुढे केला. मी चहा घेतला, आभार मानले, आणि जयेशच्या घराकडे शक्य तेवढ्या भरभर चालत आलो.

मी फासेपारधी. वऱ्हाडातल्या माळांवर मी पंचवीस वर्षं तितर पकडले. त्यासाठी एक तितर पाळावा लागतो. पहाटे झाकलेला पिंजरा न्यायचा, भोवती फासे मांडायचे, आडोशाला बसायचं आणि दोरीने कापड ओढायचं. आपला तितर ओरडतो. माझ्या जागेत हा कोण ओरडणारा, म्हणून रानातला तितर भांडायला धावत येतो आणि त्याचा पाय फासात जातो. अस्मिता जन्मली त्या वर्षी मी ते काम सोडलं. तीस वर्षांत कान इतका गंजला होता, की आपलाच धंदा समोर वाजत असून मला ओळखता आला नव्हता.

परतीच्या गाडीत मी अस्मिताला सांगितलं.

"म्हणजे चौदा नंबर पिंजऱ्यात आहे."

"हं. कुणीतरी नेऊन ठेवतो आणि परत आणतो."

"खात्री आहे तुझी?"

"खात्री कशाला? शेजारचे बघ ना. हा गायल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारचे गातायत का, ते बघ."

सोमवारी तिने बघितलं. आधी तीन महिन्यांचं सगळं एकत्र मोजलं होतं. आता तिने एकेक दिवस वेगळा काढला. चौदा नंबरवाला फक्त शनिवारी आणि रविवारी गात होता. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारनंतर तेराचा आवाज बंद. त्याच महिन्याच्या शेवटी पंधराचा. मार्चमध्ये बारा, आणि पाठोपाठ सोळा. संगणकाने चौघांनाही हजर धरलं होतं, कारण कधी ना कधी ते गायले होते.

अकरातून पाच गेले. उरले सहा.

जयेशने खिशातून फोन काढला आणि रिंग बदलली. मग तो माझ्याकडे वळला. "पण काका, तुम्हाला हे कसं कळलं?"

मी अस्मिताकडे पाहिलं. बाप शेतमजूर आहे, एवढंच तिने माझ्याबद्दल इथे सांगितलेलं, हे मला माहीत होतं. मला त्याचा राग नव्हता. आमच्या जातीचं नाव घेतलं की आपल्याकडे माणसं आधी आपला खिसा चाचपतात.

"आम्ही पारधी आहोत," अस्मिता म्हणाली. "बा तितर पकडायचा. असाच पिंजरा ठेवून."

जयेश म्हणाला, "पवार आडनाव म्हटल्यावर मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं."

"सॉरी."

"सॉरी काय, दुपारचा डबा कुणी आणलाय ते सांग. बाला भूक लागली असेल."

अस्मिताची वरिष्ठ मारलेस नावाची उंच, पांढऱ्या केसांची बाई आहे. तिने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि एकेक विचारू लागली. पिंजरा जमिनीवर असतो की फांदीला? पकडणारा किती लांब बसतो? पाळलेला पक्षी किती वर्षं गातो? अस्मिता दोन्हीकडचं सांगत होती. शाळेत मला कुणी बसवून घेतलं नाही, पण त्या दिवशी मी तासभर शिकवलं.

शुक्रवारी अस्मिताने कागदावर सहा लिहिले. हेगहून दोन ओळींचं उत्तर आलं. सहावर डोंगर घेता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत नवीन काही हाती लागलं तर कळवा.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने सायकलचं कुलूप इतक्या जोरात आपटलं की शेजारीण डोकावली. "अकरा लिहिले असते तर डोंगर मिळाला असता, बा."

"आणि पुढच्या वर्षी डोंगर असता, पक्षी नसता."

"आता दोन्ही नसणार."

मी भाकऱ्या करत होतो. तवा उतरवून ठेवला. "त्यालाच विचार ना."

"कुणाला?"

"पकडणाऱ्याला. किती उरलेत ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुझ्या डबीला जवळचंच ऐकू येतं. पुढच्या शनिवारी कुठं जायचं हे ज्याला ठरवायचं असतं, त्याच्या डोक्यात सगळा हिशेब पक्का असतो."

अस्मिताने हे मारलेसला सांगितलं, मारलेसने रोसारियोला. मी निरोप दिला तो असा. चौदा नंबरच्या जवळपास एखादा सपाट दगड किंवा बुंधा बघ. त्याखाली बियांची फोलपटं पडलेली असतील. तो माणूस वर जाताना त्याला अडवू नको, पिंजरा झाकलेला असतो, तो नाहीच म्हणेल. उतरताना भेट. आणि एकटी जाऊ नको.

फोलपटं होती. माणूसही भेटला. एफ्राइन नाव, माझ्याच वयाचा, घळीखालच्या गावातला. पिंजरा साखरेच्या पोत्यात शिवलेला. रोसारियोने शेकडो प्रश्न विचारले, त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. शेवटी ती चिडून म्हणाली, की तुला पकडलं ते आमच्या यंत्रांनी नाही, लांबच्या देशातल्या एका म्हाताऱ्याने पकडलं. तुझं पोतं केव्हा निघतं ते त्याने नुसतं ऐकून ओळखलं.

तेव्हा एफ्राइनने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तो काय पाळायचा?"

त्याचा हा प्रश्न रोसारियोच्या फोनमधून अस्मिताच्या फोनवर आला. मागे कोंबडा आरवत होता. अस्मिताला त्यांची स्पॅनिश भाषा येते.

"तितर," मी फोनमध्ये बोललो आणि तिने ते तिकडच्या भाषेत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आलं, "गातो का तो?"

"गात नाही. भांडतो."

तो हसल्याचं ऐकू आलं. मग मी विचारलं, फास लावतोस की फांदीला चिकट चीक? तो म्हणाला, चीक, झाडाचा, उकळून. तू? मी सांगितलं, फास, घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. त्याने विचारलं, पांढरा की काळा? मी म्हणालो, काळ्या मातीवर काळा, वाळल्या गवतात पांढरा.

यावर दोन दिवस काही आलं नाही. मग रोसारियोचा निरोप. एफ्राइन म्हणतो, हा माणूस खरा आहे. आणि म्हणतो की, डब्या बांधणारे बहिरे आहेत. धबधब्याच्या मागच्या कपारीत चार गाणारे आहेत. पाण्याच्या आवाजात डब्यांना फक्त पाणी ऐकू येतं.

अस्मिताने खुर्चीवरून उडीच मारली. सहा आणि चार, दहा.

रोसारियोने धबधब्याच्या मागे, दोराने उतरून, चार डब्या लावल्या. आठ दिवसांनी साठा आला. आम्ही तिघं पडद्याला नाक लावून बसलो. पाण्याचा आवाज चित्रात खालून भरलेल्या राखेसारखा दिसतो. राखेच्या वर ठिपके शोधायचे. पहिला मला सापडला, दुसरा जयेशला, तिसरा संगणकाला. चौथा कुणालाच सापडला नाही.

"चौथा तूच नेला असशील," मी एफ्राइनला कळवलं.

त्याचं उत्तर बरंच लांब होतं. अस्मिताने ते ऐकलं आणि त्याचा अर्थ सांगायला नकार दिला.

नऊ झाले होते. महिना संपायला पाच दिवस होते. रोसारियोने एफ्राइनला सरळच विचारलं. तुझ्या पिंजऱ्यातला सोडतोस का? तो याच घळीतला आहे. परत आपली जागा धरून गायला लागला तर दहा होतील आणि घळ आणि डोंगर दोन्ही वाचतील.

एफ्राइन म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला विचार, त्याने त्याचा सोडला का."

फोन टेबलावर होता. अस्मिता, जयेश आणि मारलेस, तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी सोडला नव्हता. फासे जाळले, माळावर जाणं बंद केलं, पण तितर ठेवला. सात वर्षं तो आमच्या झोपडीच्या दारात होता. अस्मिता त्याला वाळवी खाऊ घालायची. तो पिंजऱ्यातच मेला.

"बा," अस्मिता हळूच म्हणाली, "सोडला असं सांगू?"

"त्याने काय होईल?"

"तोही सोडेल. तुझं ऐकतो तो. एक वाक्य, बा. एका वाक्यावर घळ-डोंगर दोन्ही आहेत."

मी विचार केला. खोटं मी पुष्कळ बोललोय, पोलिसांशी, सावकाराशी, रेल्वेच्या तिकीट तपासणाऱ्याशी. त्याची मला भीती नाही.

"तो विचारेल, पिंजरा उघडल्यावर आधी काय केलं तितराने," मी म्हणालो. "लगेच उडाला, की दारात बसून राहिला? परत आला का? ओरडला का? मी विचारलं असतं. आणि ते मला माहीत नाही, पोरी. मी कधी उघडलाच नाही."

अस्मिताने डोळे मिटले. मग फोन माझ्याकडे सरकवला. मी खरं ते बोललो. तिने शब्द न बदलता ते पाठवलं. जयेश म्हणाला, "तरी दहा लिहूया का? खाली टीप देऊ की एक सध्या पिंजऱ्यात आहे."

"पिंजऱ्यातला मोजायचा नाही," अस्मिता म्हणाली. "एकदा मोजून झालाय."

तिने नऊ लिहून पाठवले. सोबत पानभर मजकूर जोडला, की चूक कशी झाली, कुणी पकडली आणि धबधब्यामागचे तीन कुणी सांगितले. माझं नाव लिहिलं. आमच्या जातीचं नावही तिने पूर्ण लिहिलं. एफ्राइनचं नाव तेवढं लिहिलं नाही, ते मीच नको म्हणालो.

एफ्राइनकडून काही आलं नाही. माझ्या परतीच्या तिकिटाला आठवडा उरला तेव्हा हेगचं उत्तर आलं. आम्ही आलबर्ट हाइन नावाच्या दुकानात वांगी बघत होतो. अस्मिताने फोन वाचला, वांगं परत ठेवलं, पुन्हा वाचलं.

"पकडणं थांबलं तर दहाच्या आतलेही टिकतील, म्हणतात. घळ आणि धबधब्याची बाजू घेतायत. वरचा डोंगर नाही. पुढच्या वर्षी परत मोजायचं, तेव्हा बघू म्हणतात."

"वरचे किती?"

"दोन. वर फक्त दोन होते. सात घळीत आले." ती एकाच वेळी हसत होती आणि ओठ चावत होती. "त्या दोघांचं काय होणार, बा?"

"मालक झाडं तोडायला लागला की ते खाली येतील. खाली जागा असली तर राहतील. तेरा-पंधराची जागा रिकामी आहे ना." मला खरंच तसं वाटत होतं. पण तांबडटोप्या तितरासारखा वागतो की नाही, कोण जाणे. "शनिवारी-रविवारी वाटेवर कोण उभं राहणार?"

"दोन माणसं ठेवायची परवानगी मिळालीय. एक रोसारियोचा भाऊ. दुसऱ्यासाठी तिने एफ्राइनला विचारलं."

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. पगाराचं तर त्याने विचारलंच नाही." तिने फोनवर बोट फिरवलं. "फक्त एक विचारलं त्याने. डबीला पाण्याच्या आवाजातून पक्षी ऐकू आला तो कसा, आणि तिला झाडावर किती उंच बांधायची."

"मग येईल तो," मी म्हणालो, आणि एक चांगलं बघून वांगं टोपलीत टाकलं.